सेनिहाच्या हातचे ओरुक

माझ्या सख्ख्या बहिणीच्या हातचे ओरुक मी एका हंगेरियन बाईकडून शिकले. हे कुणाला सांगितलं की ते आधी हसतात. मग मी हसत नाहीये हे बघून गप्प होतात.

आम्ही दोघी तुर्कस्तानातल्या अंताक्याच्या. थोरली सेनिहा, धाकटी मी, बेदिया. आमच्यात नऊ वर्षांचं अंतर. आई अंथरुणाला खिळली तेव्हा सेनिहा अकरा वर्षांची होती. बाबांनी तिचं नाव शाळेतून काढलं आणि तिला चुलीपुढे उभं केलं. तिथून ती पुढे एक्कावन्न वर्षं हलली नाही. मध्ये एकदा लग्न ठरलं होतं, ते मोडलं. का मोडलं, ते तिने मला कधी सांगितलं नाही. मी मात्र शिकले, पोस्टात चिकटले, सत्तावीस वर्षं खिडकीमागे बसून शिक्के मारले. लग्नही केलं. चार वर्षांत नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, तेव्हा पिशवी उचलून परत ताईकडे आले. तिने दार उघडलं, माझ्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, "जेवलीस का?" एवढंच.

नोकरी संपल्यावर घरी पाहुणे ठेवायची कल्पना माझी. हल्ली फिरायला येणाऱ्या लोकांना नुसतं खायचं नसतं, कुणाच्या तरी स्वयंपाकघरात उभं राहून शिकायचं असतं. एकाने दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्याने तिसऱ्याला, आणि आमचं अंगण भरू लागलं. बाजारहाट आणि बोलणं माझ्याकडे, चूल तिच्याकडे. जपानी येवोत की स्पॅनिश, सेनिहा सगळ्यांशी आपल्याच भाषेत बोलायची, फक्त जरा मोठ्यांदा. त्यांचे हात धरायची, चापटी मारायची, "अरे बाळा, वांगं आहे ते, गळा नको आवळूस त्याचा!" म्हणून ओरडायची. मी भाषांतर करेपर्यंत ते लोक हसूनही मोकळे झालेले असायचे.

मला मात्र त्या ओट्याशी जागा नव्हती. कांदे सोलायचे, कोथिंबिरीसारखी ती आमची मायदानोस धुऊन द्यायची, भांडी घासायची, पानं मांडायची. पातेल्यात डाव घातला की, "सोड ते, बेदिया. तू जा, पाहुण्यांशी बोल." पन्नाशी उलटल्यावरही हेच. मला साधा भात धड येत नव्हता.

भूकंपाच्या आधीच्या जानेवारीत ईल्दिको आली. हंगेरीतल्या पेच गावची, चाळिशीची, उंच, पण खांदे पुढे झुकलेले. ती कवळ्या बनवायची. दातांच्या डॉक्टरांकडून साचे यायचे आणि ही टेबलावर वाकून एकेक दात बसवायची. आमची भाषा तिने घरी बसून पुस्तकावरून शिकली होती, त्यामुळे तिला व्याकरण यायचं, पण भाजीवाला काय म्हणतोय ते कळायचं नाही. सेनिहाला तिचा धंदा कळला तेव्हा ती हसून हसून खुर्चीवर बसली.

"दात बनवते? म्हणजे हिची बोटं शिकलेली आहेत. बेदिया, सांग तिला, माझे खालचे दोन हलतात."

बारा दिवसांसाठी आली होती. अकराव्या दिवशी मी बाजारातून परतले तर मोठी परात खाली उतरवलेली, ईल्दिकोच्या बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या आणि सेनिहा तिच्या मागे उभी राहून तिचं बोट धरून गोळ्यात फिरवतेय.

ओरुक चालले होते.

आमच्याकडे बाईची पारख ओरुकवरून होते. बारीक बुलगुर, म्हणजे उकडून वाळवून भरडलेला गहू, त्यात दोनदा दळलेला बिनचरबीचा खिमा, उन्हात आटवलेली तांबड्या मिरचीची चटणी, जिरं, मीठ. हे अर्धा तास मळायचं. मग गोळ्यात बोट घालून, फिरवत फिरवत पातळ पारी करायची, आत खिमा, कांदा, अक्रोडाचं सारण भरायचं, दोन्ही टोकं निमुळती करून तळायचं. पारी जाड राहिली तर ओरुक दगड होतो, पातळ झाली तर तेलात फुटतो. सेनिहाचा ओरुक फुटलेला मी आयुष्यात पाहिला नाही. आणि तो तिने कधी कुणाला शिकवलाही नव्हता. पाहुण्यांनी बघायचं आणि खायचं, एवढंच.

मी पिशवी खाली ठेवली.

"ताई, हिला ओरुक शिकवतेयस?"

"मग? दिसत नाही का?"

"मला कधी शिकवले नाहीस ते."

"तुला काय करायचेत?" तिने मान वरसुद्धा केली नाही. "तुझा हात जड आहे. जा, पानं मांड."

तेच वाक्य. रोजचंच. पण त्या दिवशी माझ्या डोक्यात काय गेलं कुणास ठाऊक. "मी काय मोलकरीण आहे तुझी?" मी म्हटलं. "त्रेपन्न वर्षांची झाले मी. अजून मला कांदे सोलायला बसवतेस. आणि ही परवा आलेली, हिचा हात हातात धरून शिकवतेस?"

"पाहुणीसमोर तमाशा नको, बेदिया."

"पाहुणी मीच आहे या घरात!"

ईल्दिको परातीकडे बघत राहिली. तिला सगळं कळलं होतं. पुस्तकातली भाषा असो नाहीतर बाजारातली, भांडण कळतंच. सेनिहाने हात धुतले, पुसले आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, "पानं मांडतेस की मी मांडू?"

मी मांडली नाहीत. त्याच दुपारी बॅग भरली आणि मेर्सिनला येलिझकडे निघाले. येलिझ आमच्या वारलेल्या भावाची मुलगी. म्हटलं, चार दिवस राहते, ताईला जरा कळू दे. चार दिवसांचे तीन आठवडे झाले.

मधे सेनिहाचा एकदाच फोन आला.

"जिऱ्याचा डबा कुठे ठेवलायस?"

"शोध की. तुझंच स्वयंपाकघर आहे ना."

"बरं," ती म्हणाली. जरा थांबली. मला वाटलं, आता म्हणेल, ये परत. "येलिझला सांग, मुलाला थंडीत टोपी घालत जा." आणि फोन ठेवला.

त्याच्या पाचव्या दिवशी पहाटे भूकंप झाला. मेर्सिनमध्येही झुंबरं हलली, आम्ही सगळे जिन्यातून खाली पळालो. अंताक्यात फोन लागेना. मी शंभरदा लावला असेल. दुसऱ्या दिवशी येलिझच्या नवऱ्याने मला गाडीत घातलं. नेहमीच्या चार तासांच्या रस्त्याला अकरा तास लागले. गल्लीच्या तोंडाशी उतरले आणि मला आमचं घर कुठे होतं तेच कळेना. शेजारची सहा मजली इमारत आमच्या अंगणावर आडवी झाली होती. माणसं हातांनी काँक्रीट उपसत होती, मधूनच कुणीतरी सगळ्यांना गप्प करायचं आणि सगळे कान लावून उभे राहायचे. मी "ताई" म्हणून हाक मारायचे. पाच दिवस मारली. सहाव्या दिवशी ती सापडली. कुणी ओळखायला पुढे येतंय का म्हणाले, मी गेले. त्याबद्दल याहून जास्त मला सांगता येत नाही.

त्यानंतर मी मेर्सिनलाच राहिले, येलिझच्या घरामागे तळमजल्यावर एक खोली आणि लहानसं स्वयंपाकघर घेतलं. आता स्वयंपाक करायला मीच होते आणि जेवायलाही मीच. डाळीचं सूप जमलं, भात जमला. रमजानमध्ये मी ओरुक करायला घेतले. पहिल्या खेपेला तेलात नुसता चोथा झाला. दुसऱ्या खेपेला येलिझचा मुलगा म्हणाला, "आत्याआजी, हा चेंडू आहे का?" येलिझने त्याला दटावलं. मी एकूण सात वेळा केले. सातव्यांदा परात उचलून नळाखाली पालथी केली आणि ठरवलं, पुरे.

ईल्दिकोची पत्रं फोनवर येत होती. पहिलं भूकंपानंतर दोन दिवसांनी आलं होतं: तुम्ही दोघी कुठे आहात? मी महिन्याने एका ओळीत उत्तर दिलं: ताई गेली, मी मेर्सिनला आहे. मग ती गप्प झाली. दीड वर्षाने तिने लिहिलं की त्या बारा दिवसांची तिची एक वही आहे, ती माझी आहे, तिची नाही, आणि ती घेऊन ती येतेय. मी लिहिलं, येऊ नकोस, टपालाने पाठव. सत्तावीस वर्षं पोस्टात काढलेली बाई मी. तिने उत्तर पाठवलं: टपालावर माझा विश्वास नाही.

ऑक्टोबरमध्ये ती दारात उभी राहिली. केस पांढरे व्हायला लागलेले, पाठीवर पिशवी.

"मी आला," ती म्हणाली. "बस खूप लांब. माझा पाय मेला."

"मेला नाही, दुखला म्हण. आत ये, जेवलीस का?"

माझ्या तोंडून ते गेलं आणि आम्ही दोघी एकमेकींकडे बघत उभ्या राहिलो. मग तिने बूट काढले.

मी तिला धड बसूही दिलं नाही. "वही दे," म्हटलं. निळ्या पुठ्ठ्याची, तेलाचे डाग पडलेली वही होती. पानापानांवर बारीक अक्षरांत तिच्या भाषेत आणि तिच्याच लघुलिपीत काहीतरी, मधे मधे चित्रं: बोट, गोळा, गोळ्यात बोट, बाण. मला त्यातलं एक अक्षर लागेना. रागच आला.

"याचं मी काय करू?"

"वाचायची नाही," ती म्हणाली. "मी वाचणार. तू करणार. उद्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही खाटकाकडे गेलो. मी एकदा दळायला सांगितलं. ईल्दिकोने मागून खड्या आवाजात ओरडून सांगितलं, "दोनदा दळ रे बाबा, म्हाताऱ्यांना खायचंय!" खाटीक चमकून तिच्याकडे बघायला लागला, उंच गोरी परदेशी बाई आणि तोंडात अंताक्याची अस्सल बोली. तो आवाज ईल्दिकोचा होता, पण वाक्य सेनिहाचं होतं, सुरासकट.

मग माझ्या लक्षात आलं ते असं. हिची बाकी भाषा मोडकी, क्रियापदं चुकतात. पण स्वयंपाकघरातली हिची सगळी भाषा सेनिहाची आहे. ती तिने पुस्तकातून नाही, सेनिहाच्या तोंडून उचलली आणि जशीच्या तशी लिहून घेतली, शिव्यांसकट. ईल्दिकोला स्वतःलाही ते माहीत नव्हतं. तिला वाटायचं, स्वयंपाक करताना सगळे असंच बोलतात.

आम्ही परात खाली घेऊन बसलो. मी मळायला लागले.

"मनगट वापर, मनगट! गोंजारतेयस काय त्याला, मांजर आहे का?"

मी मळत राहिले.

"हात ओला कर गं, काय वाळवंट केलंयस!"

मी हात ओला केला. डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं, पण हात परातीत होते, पुसणार कशाने. ईल्दिको वहीतून मान वर न करता पुढे वाचत होती.

"बोट सरळ ठेव. नाकात घालतेयस का?"

तेव्हा मात्र मला हसू फुटलं. रडता रडता मी इतकी हसले की ईल्दिको घाबरली. तिने चष्मा काढला. "मी वाईट काही बोलला का?"

"नाही. पुढे वाच."

"पारी जाड ठेवून काय भिंत—" ती वाचायला लागली आणि मधेच थांबली. पुढचा शब्द तिने वाचला नाही. मीही विचारला नाही. ती उठली, माझ्या मागे येऊन उभी राहिली, माझं बोट तिने धरलं आणि गोळ्यात फिरवायला लागली. तिची बोटं थंड आणि फार हलकी होती. तिचे हात सेनिहासारखे नव्हते. पण सेनिहाने तिला जसं धरलं होतं तसंच ती मला धरत होती, अंगठा खाली, तर्जनी वर. ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं होतं. त्यावरून तर सगळं भांडण झालं होतं.

पहिले चार फुटले. पाचवा टिकला. दुपारपर्यंत बावीस झाले. आम्ही अंगणात खुर्च्या टाकून ताकाबरोबर खाल्ले. ईल्दिको माझ्या तोंडाकडे बघत होती.

"कसा?"

"चांगला आहे."

"सेनिहासारखा?"

मी अजून एक घास खाल्ला. खरं काय ते मला सांगता येईना. पारी पातळ होती, सारण ओलसर होतं, अक्रोड दाताखाली येत होता. पण काहीतरी कमी होतं. नाहीतर मग ते काहीतरी मीच विसरले होते, आणि आता कशाशी ताडून बघणार?

"जवळपास," मी म्हटलं.

तिने मान हलवली, जणू एखाद्या साच्यावर दात किंचित वाकडा बसलाय आणि तो काढायचा की राहू द्यायचा हे ठरवतेय. मग वहीचं शेवटचं पान उघडलं.

"एक गोष्ट आहे. मला सांगायची की नाही, मी दीड वर्ष विचार केला. तू गेली त्या संध्याकाळी सेनिहा परात घासत होती. खूप बोलली. भरभर. माझ्याशी नाही, परातीशी. मला अर्धं कळलं. मी रात्री लिहिलं."

"काय म्हणाली?"

ईल्दिकोने बोट पानावर ठेवलं. "असं म्हणाली की, मला स्वयंपाक आला म्हणून माझी शाळा गेली. बेदियाला मी येऊ दिला नाही, म्हणून ती पोस्टात गेली. साहेबीण झाली. मग म्हणाली, आता शिकवायला मला..." ती थांबली. "इथे एक शब्द आहे. मला आला नाही. मी कानाने लिहिलं."

मी वही ओढून घेतली. त्या पानावर आमच्या भाषेतला तो एकच शब्द पूर्ण लिहिलेला होता, तिच्या अक्षरांत. मी तो दहादा वाचला. मोठ्याने वाचला. तसा शब्दच नाही. 'लाज वाटते' म्हणावं तर मधली अक्षरं जुळत नाहीत, 'भीती वाटते' म्हणावं तर शेवट जुळत नाही. 'उशीर झाला' असंही असू शकलं असतं.

"नीट आठव," मी म्हटलं. "तिचं तोंड कसं होतं? रागात होती? रडत होती?"

"पाठ होती माझ्याकडे."

"तरी?"

"बेदिया, मला खोटं नाही सांगायचं. मी त्या वेळी भाषा नीट समजत नव्हती. कदाचित सगळंच चुकीचं समजली."

मी तिच्यावर चिडले. म्हटलं, मग सांगितलंसच कशाला? ती उठली. ताटं उचलून आत गेली आणि घासायला लागली. नळाचा आवाज बराच वेळ येत होता.

शुक्रवारी आम्ही परत ओरुक केले, या वेळी ऐंशी, आणि शनिवारी सकाळच्या बसने अंताक्याला निघालो. गेलेल्या माणसाच्या नावाने काहीतरी वाटायची आमच्यात रीत आहे; सेनिहाच्या नावाने मी शिरा वाटला होता, कुणीतरी शिजवून दिलेला. माझ्या हातचं काहीच नव्हतं. बसमध्ये डबे मांडीवर घेऊन बसलो. इस्केंदेरुन मागे पडलं तशी ईल्दिको खिडकीला नाक लावून बसली. शहर लागलं तेव्हा तिने विचारलं, "कुठे आलं?"

"आलं," मी म्हटलं. "हेच."

ती मोकळ्या मैदानांकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांपुढे बाजार होता, घंटाघर होतं, आमच्या गल्लीतला लोहार होता. मला सवय झाली होती.

दफनभूमीत ओळीच्या ओळी आहेत. आधी नुसत्या नंबराच्या लाकडी पाट्या होत्या. सेनिहाच्या पाटीवर नाव घालून घ्यायला मला सात महिने लागले. मी फातिहा म्हटली. ईल्दिको ख्रिश्चन, तिला ते येत नव्हतं, ती हात पुढे जुळवून उभी राहिली. मग जमिनीकडे बघत ती सेनिहाला म्हणाली, "मी आले. बेदियाने बावीस केले. चार फुटले." अगदी हिशेब दिल्यासारखं. तिची वाक्यं त्या दिवशी एकदाही चुकली नाहीत.

तिथून आम्ही पत्र्याच्या खोल्यांच्या वसाहतीत गेलो. आमच्या गल्लीतली जी काही माणसं उरली त्यातली बरीचशी तिथे राहतात. हुस्निये मावशी दारात खुर्ची टाकून बसल्या होत्या. आमच्या समोरच्याच. वय ऐंशीच्या पुढे, दोन नातू गमावलेले, जीभ मात्र होती तशीच. मी डबा पुढे केला. त्यांनी एक ओरुक उचलला, वर धरून सगळीकडून बघितला, वास घेतला, अर्धा तोडला.

"कुणी केले?"

"मी केले, मावशी."

"तू?" त्यांनी ईल्दिकोकडे बघितलं. "ही कोण लांबडी?"

"हिने शिकवले मला."

"वा! सेनिहाच्या बहिणीला फिरंगी बाई ओरुक शिकवते. काय काय बघायला ठेवलंय देवाने मला." त्यांनी चावलं. बराच वेळ चघळलं, दात नव्हते ना. "अक्रोड जास्त झालाय. मीठ कमी. सेनिहाने पाहिलं असतं तर झाऱ्याने मारलं असतं तुला."

"शिकवलं असतं तर मार खायची वेळ आली नसती," मी म्हटलं. आणि मग मला राहवेना. म्हटलं, "मावशी, तुम्ही तिला लहानपणापासून बघितलं. मला का नाही शिकवलं तिने?"

हुस्निये मावशींनी उरलेला अर्धाही तोंडात टाकला. "का म्हणजे काय? भीती. तिला होतं कोण? नवरा नाही, पोर नाही. एक तू. तुला नोकरी होती, वाचता येत होतं, चार माणसांत बोलता येत होतं. तुला रांधताही आलं असतं तर तिची गरज काय उरली असती तुला? निघून गेली असतीस."

"तिने सांगितलं तुम्हाला असं?"

"सांगायला कशाला हवं? मी बाई नाही का?" त्यांनी दुसरा ओरुक उचलला. "आणि शेवटी गेलीसच ना तू."

ईल्दिकोने माझा हात धरला. तिला कळलं होतं. मी हात सोडवून घेतला आणि पुढच्या दाराकडे गेले. ऐंशीच्या ऐंशी वाटले. कुणी म्हणालं छान झालेत, कुणी म्हणालं आमच्या आईच्यात दालचिनी असायची. एक माणूस उभ्या उभ्या चार खाऊन आत गेला आणि त्याने दार लावून घेतलं.

परतीच्या बसमध्ये मी ईल्दिकोला म्हटलं, "परत सांग. ती संध्याकाळ. पहिल्यापासून."

तिने सांगितलं. परात, पाठ, शाळा, पोस्ट. मी म्हटलं, अजून एकदा. तिने डोळे मिटले.

"नको, बेदिया. मी तिसऱ्यांदा सांगते आता, आणि प्रत्येक वेळी मला जास्त स्पष्ट ऐकू येतं. आत्ता तर मला तो शब्दसुद्धा ऐकू यायला लागला. तो ती बोलली नव्हती. तो मी घालते, तुला बरं वाटावं म्हणून."

"कुठला शब्द?"

"नाही सांगणार."

मी पुन्हा विचारलं नाही. ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. एवढी उंच बाई, वाकडी तिकडी होऊन. मी जागी राहिले. मला वाटलं होतं, का शिकवलं नाही ते एकदा कळलं की छातीवरचं ओझं उतरेल. आता दोन उत्तरं होती, दोन्ही सेनिहाला शोभणारी, आणि दोन्ही खरी असली तरी मी फोनवर तिला जे बोलले ते बदलत नव्हतं. जिऱ्याचा डबा कोठीत वरच्या फळीवर होता. सांगायला चार शब्द लागले असते.

ईल्दिको सोमवारी गेली. जाताना वही देऊ लागली, मी घेतली नाही. म्हटलं, मला वाचता येत नाही आणि तुला येतं. तुझ्याकडे राहू दे, अडलं की फोन करीन. ती दर रविवारी स्वतःच करते. तिची भाषा सुधारलीय. आता चुका फारशा होत नाहीत, आणि परवा कांदा परतायचं काहीतरी विचारलं तर पुस्तकातल्यासारखं छान उत्तर दिलं. मला ते आवडलं नाही, पण तिला कसं सांगणार?

मी महिन्यातून एकदा अंताक्याला जाते. पहाटे उठून ओरुक करते, आता क्वचितच फुटतात. हुस्निये मावशी दारातच असतात. अक्रोड कमी केला तर म्हणतात चिंगूस झालीस, मीठ वाढवलं तर म्हणतात मारायचंय का मला. मी ऐकून घेते. मग दफनभूमीत जाते. सेनिहाशी मी फारसं बोलत नाही, आम्ही तशाही फार बोलणाऱ्यांतल्या नव्हतो. गवत उपटते, बाटलीतलं पाणी मातीवर घालते, शेजारच्या पाटीला अजून नाव नाही, तिच्यावरही थोडं घालते, आणि पाचची बस पकडते.